बोलारमचे घर आणि हिंगोलीचा पेन्शनपुरा

१/
हिंगोली शहरातील काही वस्त्यांची नावे एकामागून एक उच्चारून पाहावीत : पलटण, रिसाला, तोफखाना, सदर बाजार, पेन्शनपुरा. पायदळ, घोडदळ, तोफा, छावणीचा बाजार आणि शेवटी निवृत्त शिपायांची वस्ती. एक संपूर्ण फौज नावापुरती या शहरात मागे राहिली आहे. ती कोणाची होती, तिचा पगार कोण देत होते आणि तिला हुकूम कुठून येत होता, याचा माग काढला तर वाट एका राष्ट्रपती निवासापाशी जाऊन थांबते. #थ्रेड

२/
ते निवास म्हणजे सिकंदराबादजवळच्या बोलारम येथील राष्ट्रपती निलयम. भारताच्या राष्ट्रपतींचे मुख्य निवासस्थान दिल्लीत आहे. त्याखेरीज उत्तरेत शिमल्याजवळ मशोब्रा येथे आणि दक्षिणेत बोलारम येथे त्यांची विश्रामस्थाने आहेत. राष्ट्रपती दरवर्षी काही दिवस, बहुधा डिसेंबरमध्ये, बोलारमला मुक्काम करतात. पूर्वी ही वास्तू वर्षातून मोजकेच दिवस लोकांना पाहता येत असे. २२ मार्च २०२३ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी ती वर्षभरासाठी खुली केली. तो दिवस तेलुगू घरांत उगादीचा आणि मराठी घरांत गुढीपाडव्याचा होता.

३/
समजा, पेन्शनपुऱ्यातील एखादे जोडपे एका दिवसाची सवड काढून हे घर पाहायला निघाले. हिंगोलीहून पूर्णा, तिथून नांदेड, गोदाकाठचे बासर, निजामाबाद, आणि मग सिकंदराबादच्या अलीकडे बोलारम. हा लोहमार्ग निजामाच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घातला गेला. बोलारमच्या पुढे एका लहान स्थानकाची पाटी दिसते : कॅव्हलरी बॅरॅक्स. म्हणजे घोडदळाच्या बराकी. हिंगोलीच्या भाषेत सांगायचे तर ‘रिसाला’. घरापासून इतक्या दूर आपल्याच शहरातील वस्तीचे नाव इंग्रजीत लिहिलेले दिसावे, हा योगायोग नव्हे.

४/
निलयमचे आवार सुमारे ९० एकरांचे आहे. फाटकाशी तिकीट काढून आत शिरले की जुनी झाडे, लांब रस्ता आणि त्याच्या शेवटी एकमजली, पांढरी, रुंद पडव्यांची वास्तू. दिल्लीच्या राष्ट्रपती भवनाचा दरारा इथे नाही. मुख्य इमारतीत अवघ्या ११ खोल्या. कुणा श्रीमंत जमीनदाराचा बंगला वाटावा, असेच तिचे रूप.

“अहो, राष्ट्रपतींच्या आधी हे घर कुणाचं होतं?” बायको विचारते.
“निजामाचं असणार. हैदराबाद म्हणजे निजामच की!”

बहुतेक जण हेच उत्तर देतील. ते अर्धेच खरे आहे.

५/
वास्तूचे वर्ष साधारणपणे १८६० सांगितले जाते आणि बांधणारे म्हणून निजाम नासिर-उद-दौला यांचे नाव अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. पण नासिर-उद-दौला यांचे निधन मे १८५७ मध्येच झाले होते. १८६० साली गादीवर होते त्यांचे पुत्र अफजल-उद-दौला. म्हणजे वर्ष आणि नाव यांतील एक तरी चुकले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा जागी थांबावे. ‘कोणी बांधले’ यापेक्षा ‘कोण राहत होते’ हा प्रश्न इथे अधिक उपयोगाचा ठरतो. कारण त्याचे उत्तर निश्चित आहे : हे ब्रिटिश रेसिडेंटचे गावाबाहेरचे निवासस्थान होते.

६/
रेसिडेंट म्हणजे काय? नावाने तो ईस्ट इंडिया कंपनीचा दरबारातील वकील. त्याचे मुख्य निवासस्थान हैदराबाद शहरात, मुसीकाठी कोठी येथे. व्यवहारात मात्र तो राज्यामागचे दुसरे राज्य होता. १७९८ मध्ये निजाम अली खान यांनी तैनाती फौजेचा करार स्वीकारला. १८०० मध्ये तो अधिक पक्का झाला. कंपनीची फौज हैदराबादेत कायमची आली. शिवाय युद्धप्रसंगी निजामाने आपले ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ कंपनीच्या मदतीला द्यावे, असे ठरले. ‘युद्धप्रसंगी’ हा शब्द लक्षात ठेवावा. पुढील शंभर वर्षांचे भांडण त्याच्याभोवती आहे.

७/
१८११ मध्ये हेन्री रसेल रेसिडेंट झाले. निजामाची स्वतःची फौज विस्कळीत आहे, असे सांगून त्यांनी तिच्यातून नवी कवायती तुकडी उभी केली. तिला ‘रसेल ब्रिगेड’ म्हणू लागले. अधिकारी इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार निजामाच्या खजिन्यातून. करारातील फौज युद्धापुरती होती. ही शांततेच्या काळातही कायम राहिली. हीच पुढे वाढत जाऊन ‘हैदराबाद कंटिन्जंट’ झाली. बोलारम हे तिचे मुख्य ठाणे. राज्यभर तिच्या छावण्या पसरल्या : औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, एलिचपूर म्हणजे अचलपूर, लिंगसुगूर आणि हिंगोली.

८/
या फौजेची पहिली मोठी झळ नांदेड-हिंगोलीच्या मुलखालाच बसली. पेशवाई बुडाली त्या सुमारास हटकरांचे नेते नोवसाजी नाईक यांनी या भागात उठाव केला होता. जानेवारी १८१९ मध्ये रसेल ब्रिगेडने त्यांच्या नोव्हा येथील किल्ल्याला वेढा घातला. काही आठवड्यांत किल्ला पडला आणि आतील शिबंदीची मोठी कत्तल झाली. पुढे १९०३ पर्यंत हिंगोली हे या फौजेचे ठाणे राहिले. कागदावर या मुलखाचा राजा निजाम होता. मात्र छावणीतील बिगूल बोलारमच्या तालावर वाजत होता.

९/
आता प्रश्न पैशांचा. फौजेचा पगार दरमहा चुकता व्हायला हवा आणि निजामाचा खजिना तर रिकामा. ही पोकळी विल्यम पामर आणि कंपनी या हैदराबादच्या सावकारी पेढीने भरली. संस्थानिकांना कर्ज देण्यास युरोपियनांना बंदी होती. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरलने या पेढीला त्यातून सूट दिली. व्याजाचा दर शेकडा २४ च्या आसपास. १८२० मध्ये आलेले नवे रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यांनी हा व्यवहार उघडकीस आणला आणि काही वर्षांत पेढी बुडाली. पेढी गेली, कर्ज आणि फौज मात्र राहिली.

१०/
याच फौजेत फिलिप मेडोज टेलर नावाचा अधिकारी होता. ठगांवरील त्याची इंग्रजी कादंबरी १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि विलायतेत गाजली. तिच्या प्रस्तावनेत हिंगोली येते. छावणीच्या बाजारात हरीसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी होता. पुढे तोच ठगांचा म्होरक्या निघाला आणि त्याच्या टोळीने पुरलेली प्रेते पहारेकऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर सापडली, असे टेलर लिहितो. ठगांविषयीच्या इंग्रजी लेखनात अतिशयोक्ती किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. तरी सदर बाजारात पैसा किती खेळत असे, याची कल्पना या हकिकतीतून येते. टेलरची पत्नी मेरी ही पामर पेढीच्या विल्यम पामर यांची कन्या. फौज आणि सावकारी यांची सोयरीक अशी घरातही होती.

११/
१८५० नंतर कंपनीच्या हिशेबात निजामाकडील थकबाकी ५० लाख रुपयांच्या घरात गेली. गव्हर्नर जनरल होते लॉर्ड डलहौसी. पैसे नसतील तर मुलूख द्या, असा तगादा सुरू झाला. रेसिडेंट कर्नल जॉन लो यांनी दडपण वाढवले आणि २१ मे १८५३ रोजी करार झाला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रदेश फौजेच्या खर्चासाठी कंपनीच्या कारभाराखाली गेले. ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने कायम ठेवायचे ठरले. निजामाला न मागता मिळालेल्या फौजेसाठी त्याच्या राज्यातील सर्वांत सुपीक कापूसपट्टा गेला.

१२/
इथे नकाशा उघडावा. हिंगोलीच्या उत्तरेला वाशीम. बोली तीच, सोयरिकी त्याच, देवस्थानेही सामायिक. पण १८५३ नंतर वाशीम इंग्रजांच्या वऱ्हाडात आणि हिंगोली निजामाच्या मोगलाईत. मध्ये पैनगंगा. हैदराबाद संस्थान मालावर करोडगिरी म्हणजे सीमाशुल्क घेत असे. वाशीमच्या रस्त्यावर पैनगंगेलगत आजही कनेरगाव ‘नाका’ आहे. गावाच्या नावातच सीमा आहे. आज आपण विदर्भ आणि मराठवाडा म्हणतो, त्यांच्यातील ही रेघ भूगोलाने आखलेली नाही. ती एका कर्जाच्या वसुलीने आखली.

१३/
यातील विसंगती पाहण्यासारखी आहे. १८५३ नंतर कंटिन्जंटचा खर्च वऱ्हाडच्या महसुलातून भागवला जाऊ लागला. म्हणजे अकोला-वाशीमकडच्या कुणब्याने सारा भरायचा, त्यातून नदीपलीकडे हिंगोलीच्या रिसाल्यातील घोड्यांना चंदी मिळायची, आणि या घोडदळाला हुकूम मात्र बोलारमहून यायचा. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. शिपायाला कोणी विचारले नाही. निजामालाही विचारले ते केवळ सहीपुरते.

१४/
मग १८५७ आले. जूनमध्ये औरंगाबाद येथे याच कंटिन्जंटच्या घोडदळाने कूच करण्यास नकार दिला आणि तो उठाव निर्दयपणे मोडला गेला. १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या कोठी रेसिडेन्सीवर हल्ला झाला, तोही फसला. उरलेली कंटिन्जंट इंग्रजांच्या बाजूने लढली. सर ह्यू रोज यांच्या मोहिमेत झाशी, काल्पी आणि ग्वाल्हेर येथे तिच्या तुकड्या होत्या. राणी लक्ष्मीबाईंच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या सैन्यात दख्खनच्या पैशावर पोसलेले शिपाई होते, ही गोष्ट अभिमानाची नाही. पण ती वगळून इतिहास पुरा होत नाही.

१५/
या निष्ठेचे बक्षीस १८६० च्या तहाने मिळाले. धाराशिव आणि रायचूर परत, ५० लाखांचे कर्ज माफ, वर शोरापूरचे संस्थान भेट. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवूनच घेतले आणि त्याच्या जमाखर्चाचा हिशेब देण्याची जबाबदारीही काढून टाकली. बोलारमच्या वास्तूसाठी सांगितले जाते ते वर्षही हेच, १८६०. म्हणून या घराच्या पडवीत उभे राहताना ‘निजामाचे वैभव’ एवढेच म्हणून चालत नाही. निजामाला स्वतःच्या राज्यात दुसऱ्याचे ऐकावे लागत होते, त्याचा हा पुरावा आहे.

१६/
जोडपे आता घराच्या आत आहे. दरबार हॉल, भोजनगृह, चित्रपटगृह, सकाळची बैठक. सर्वांत लक्षात राहतो तो जमिनीखालचा बोगदा. स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून वेगळे आहे आणि तिथून भोजनगृहापर्यंत अन्न या भुयारी वाटेने नेले जात असे. आज त्याच्या भिंतींवर तेलंगणातील चेरियाल शैलीची रंगीत चित्रे आहेत. पाहुण्याच्या पुढ्यात ताट यावे, पण ते वाहून आणणारा वाटेत कोणाच्या नजरेस पडू नये, अशी ती रचना. बाहेरच्या राज्यव्यवस्थेचे याहून नेमके प्रतीक दुसरे सापडणार नाही. ताट रेसिडेंटच्या मेजावर, आणि ते भरणारा भुयारात.

१७/
जगात इतरत्रही अशा वास्तू आहेत. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन यांचे माउंट व्हर्नन आणि थॉमस जेफरसन यांचे मॉन्टिसेलो पाहायला लोक कुटुंबासह जातात. दीर्घकाळ तिथे फर्निचर आणि बागा दाखवल्या जात. अलीकडच्या दशकांत मात्र ही घरे ज्यांच्या श्रमांवर चालली त्या गुलाम माणसांची कथाही सांगितली जाते. जेफरसन यांच्या हयातीत ६०० हून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. ती घरे राष्ट्राध्यक्षांच्या खासगी मालकीची. बोलारमचे घर परक्या सत्तेच्या प्रतिनिधीचे. फरक मोठा आहे, तरी पाहणाऱ्याने विचारायचा प्रश्न एकच : याचा खर्च कोणी सोसला?

१८/
१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांच्या खंडावर कायमचे लिहून घेतले. पुढच्याच वर्षी कंटिन्जंट ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या फौजेच्या खर्चासाठी वऱ्हाड घेतले ती फौज उरली नाही. वऱ्हाड मात्र परत आले नाही. शहरात उरली ती वस्त्यांची नावे आणि पेन्शनीवर जगणारी म्हातारी माणसे.

१९/
फौज मात्र संपली नाही. तिने नाव बदलले. तिच्या घोडदळातून आलेल्या ‘२० वी डेक्कन हॉर्स’ने जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील सोमच्या लढाईत हाय वुडजवळ घोड्यांवरून चढाई केली. आज भारतीय सेनेत ‘डेक्कन हॉर्स’ हे चिलखती दल आहे. १९६५ मध्ये असल उत्तर येथे त्याचे रणगाडे पाकिस्तानी रणगाड्यांशी लढले. पायदळाच्या पलटणींतून ‘१९ वी हैदराबाद रेजिमेंट’ घडली आणि १९४५ मध्ये तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट झाले. रिसाला आणि पलटण यांचे वंशज आज तिरंग्याला सलामी देतात.

२०/
१९४७ मध्ये ब्रिटिश गेले आणि रेसिडेंट हे पद संपले. पण हैदराबाद स्वतंत्र भारतात आले नव्हते. जैसे थे करारानंतर भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून आलेले क. मा. मुन्शी यांचा मुक्काम बोलारमलाच होता. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा पेटला होता आणि त्यात वसमत भागातील हुतात्मा बहिर्जी शिंदे यांच्यासारख्यांनी प्राण दिले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर बोलारमची वास्तू राष्ट्रपतींच्या सचिवालयाकडे आली.

२१/
आवारात आज १२० फूट उंचीच्या ऐतिहासिक ध्वजस्तंभाची प्रतिकृती उभी आहे. जुन्या पायविहिरी साफ करून पुन्हा वापरात आणल्या आहेत. वनौषधींची बाग आहे, २७ नक्षत्रांची २७ झाडे असलेली नक्षत्रवाटिका आहे. वनौषधींची बाग प्रतिभाताई पाटील यांच्या कार्यकाळातली. त्या खान्देशच्या कन्या आणि अमरावतीच्या सूनबाई. अमरावतीच्या खासदारही होत्या. अमरावती म्हणजे वऱ्हाड. ज्या वऱ्हाडाला १८५३ मध्ये गहाण टाकले, त्या वऱ्हाडातील एक स्त्री प्रजासत्ताकाची प्रमुख म्हणून रेसिडेंटच्या घरात उतरली. भारताच्या सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापतिपदही तेव्हा तिच्याकडेच होते. रिसाल्याच्या वंशजांना हुकूम देणारे घर तेच राहिले. हुकूम देणारा बदलला, आणि त्याला निवडण्याची रीतही बदलली.

२२/
संध्याकाळी फाटक बंद होण्याच्या वेळी जोडपे बाहेर पडते. सकाळचा प्रश्न अजून त्यांच्यासोबत आहे.

“मग कुणाचं म्हणायचं हे घर?”
“आपल्या पणजोबांनी भरलेल्या साऱ्याचं म्हण.”

हे उत्तर भावनेचे नाही, हिशेबाचे आहे. आज कोणी निवडून आलेला माणूस तिथे राहतो, आणि तो नसताना फाटक सर्वांना उघडते. हा बदल घडायला १८५३ पासून मोजले तर पावणेदोनशे वर्षांच्या आसपास काळ लागला.

२३/
पण सगळाच हिशेब मिटलेला नाही. १९५६ मध्ये मराठवाडा आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९९९ मध्ये परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. तरी पैनगंगेच्या दोन काठांवरचे जुने दप्तर अजून वेगळे आहे. अलीकडे एकाकडे ब्रिटिशकालीन नोंदी निघतात, दुसऱ्याकडे निजामकालीन. एकाच आडनावाच्या दोन घरांना आपल्या पूर्वजांचा कागद शोधण्यासाठी दोन दिशांना जावे लागते. कर्ज १८६० मध्ये माफ झाले. त्याने आखलेली रेघ अजून गावोगावच्या कागदांत जिवंत आहे.

२४/
म्हणून बोलारमला जाणाऱ्या हिंगोलीकराने आधी एक काम करावे. पेन्शनपुऱ्यात, रिसाल्यात, तोफखान्यात एखाद्या वृद्धाजवळ बसावे आणि या नावाचा अर्थ काय, असे विचारावे. ट्रंकेत जुने पेन्शनचे कागद, एखादे पदक, एखादा बिल्ला असेल तर त्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. निलयमच्या दालनांत राष्ट्रपतींचा इतिहास मांडलेला आहे. फाटकाच्या या बाजूचा इतिहास अजून लोकांच्या घरात आहे, आणि तो तिथून बाहेर यायची वाट पाहतो आहे.